पँटचा नंबर ३६, पोटाचा घेर १०४

पत्र : आमच्या ह्यांचं वय ४६. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८१ किलो. हार्डवेअरचं दुकान आहे, सकाळी नऊ ते रात्री नऊ गल्ल्यावर बसून असतात. गेल्या महिन्यात विम्यासाठी तपासण्या झाल्या. बीपी १४२/९२, उपाशीपोटी साखर ११२, एकूण कोलेस्टेरॉल २०४, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड २१०. ईसीजी मात्र नॉर्मल आला आणि तेव्हापासून 'हार्ट एकदम ओके' हे पालुपद सुरू आहे. म्हणतात, हातपाय तर बारीकच आहेत, पोट तेवढं सुटलंय, खात्यापित्या घरचं लक्षण आहे. पँटचा नंबर ३६, तो दहा वर्षांत बदललेला नाही. मी टेप लावली तर पोटाचा घेर १०४ सेंटिमीटर भरला. सासऱ्यांना ५२व्या वर्षी अटॅक आला होता. हे तंबाखू खातात, शनिवारी उपास धरतात, रात्री फार घोरतात. दुकानात सहा-सात चहा होतात आणि भडंग-फरसाणाचा पुडा फुटतोच. घरात आम्ही चौघं, महिन्याला ५ लिटर तेलाचा डबा लागतो. वजनाचा आणि हार्टचा खरंच एवढा संबंध असतो का? वजन कमी करायचं इंजेक्शन घ्यावं का?
– एक वाचक, मिरज

ताई, टेप लावलीत ते उत्तम केलंत. विम्याच्या सगळ्या कागदांपेक्षा तो १०४चा आकडा जास्त बोलतो. पँटचा नंबर दहा वर्षं तोच राहिला, कारण पोट पुढे येत गेलं तसा पट्टा खाली घसरत गेला. ३६ इंच म्हणजे ९१ सेंटिमीटर. उरलेले १३ सेंटिमीटर पट्ट्याच्या वर आहेत, आणि हृदयाला ताप देणारा ऐवज तिथेच साठलाय.

मोजण्याची रीत मात्र एकदा पक्की करून घ्या. बहुतेक जण शर्टावरून, श्वास आत ओढून किंवा पट्ट्याच्या रेषेत मोजतात आणि पाच-सहा सेंटिमीटरनं फसतात. सकाळी, पोट रिकामं असताना, उघड्या अंगावर मोजायचं. बाजूला हात लावून सगळ्यात खालची बरगडी चाचपा, मग कमरेच्या हाडाची वरची कड चाचपा. या दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप. टेप पुढेमागे एका पातळीत हवी, कातडीत रुतायला नको. श्वास नेहमीसारखा सोडला की आकडा वाचायचा. भारतीय पुरुषासाठी ९० आणि बाईसाठी ८० सेंटिमीटर ही हद्द. टेप नसेल तर उंचीएवढी सुतळी घ्या, दुमडून अर्धी करा, ती पोटाभोवती पुरली पाहिजे. तुमच्या यजमानांची सुतळी ८४ सेंटिमीटरची होईल, म्हणजे वीस सेंटिमीटर कमी पडेल.

'हातपाय बारीक आहेत' हे ते दिलासा म्हणून सांगतात, पण डॉक्टर हे ऐकून जास्त सावध होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडच्या शरीराची ठेवणच अशी की स्नायू कमी, चरबी जास्त, आणि त्यातली बरीच पोटात. म्हणून युरोपात बीएमआय ३०च्या पुढे लठ्ठपणा म्हणतात तिथे भारतीयांसाठी २५ धरतात. यजमानांचा २८.७ येतो (८१ला १.६८ने दोनदा भागलं). तिकडच्या तक्त्यात ते 'थोडं जास्त वजन' या रकान्यात बसतील, आपल्या तक्त्यात लठ्ठ. हे घरोघरचं दुखणं आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीत, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, ३९.५ टक्के प्रौढांचं पोट हद्दीबाहेर होतं.

आता मूळ प्रश्न. संबंध आहे का? आहे, आणि तो एका वाटेनं येत नाही. कातडीखालची चरबी, म्हणजे मांड्या-दंडावरची, बरीचशी निरुपद्रवी असते. पोटाच्या आत, आतड्यांच्या आजूबाजूला साठणारी चरबी वेगळी वागते. तिच्यातून सुटणारी मेदाम्लं थेट यकृताकडे जाणाऱ्या शिरेत उतरतात. यकृत त्यांचं ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातून फिरणारी चरबी, करून सोडतं, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) खाली येतं आणि एलडीएलचे (वाईट कोलेस्टेरॉलचे) कण बारीक, दाट होतात. असे कण धमनीच्या भिंतीत सहज शिरतात. इकडे इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं, म्हणून साखर चढते. चरबीतून रक्तदाब वाढवणारी आणि धमन्यांना सूज आणणारी द्रव्यं सतत पाझरतात. शिवाय वाढीव वजनाला रक्त पुरवायचं म्हणून रक्ताचं एकूण प्रमाण वाढतं, हृदयाला प्रत्येक ठोक्यागणिक जास्त ढकलावं लागतं, डाव्या कप्प्याची भिंत जाड आणि ताठ होत जाते. त्यामुळे लठ्ठपणाचा धोका नुसता ब्लॉकेजचा नाही. पुढे हृदय कमजोर पडून धाप लागणं आणि ठोके अनियमित होणं, हेही त्याच घरातले.

हे सगळं यजमानांच्या रिपोर्टात उतरलेलं आहे, फक्त वेगवेगळ्या ओळींत. एकत्र वाचा : घेर ९०च्या पुढे, ट्रायग्लिसराइड १५०च्या पुढे, एचडीएल ४०च्या आत, बीपी १३०/८५च्या पुढे, साखर १००च्या पुढे. या पाचांपैकी तीन जमले की डॉक्टर मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. यजमानांचे पाचही जमलेत. एकेक आकडा घेतला तर 'बॉर्डरवर आहे, बघू' असं म्हणता येतं. पाच बॉर्डरवाले एकत्र आले की ती बॉर्डर राहत नाही. त्यात वडिलांना ५२व्या वर्षी अटॅक. बापाला किंवा भावाला ५५च्या आत झालेला हृदयविकार हा आनुवंशिक धोक्यात मोजतात.

ईसीजीबद्दल. झोपवून काढलेला ईसीजी हा काही सेकंदांच्या विद्युतप्रवाहाचा आलेख आहे. पूर्वी झटका येऊन गेलाय का, आत्ता येतोय का, ठोके सरळ आहेत का, हे तो सांगतो. धमनी पन्नास-साठ टक्के अरुंद झाली असेल तरी आरामात पडलेल्या माणसाचा ईसीजी बहुतेकदा नॉर्मलच येतो. आणि पुष्कळ झटके धमनीत साठलेल्या चरबीच्या अशाच मध्यम जाडीच्या थरामुळे येतात : थराची वरची साल फाटते, तिथे रक्ताची गुठळी बसते, तासाभरात वाट बंद. तेव्हा तो कागद फाइलला लावून ठेवा, पुढे तुलनेला उपयोगी पडेल. 'हार्ट ओके' असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

आता काय करायचं ते. दोन कामं एकाच वेळी सुरू करायची आहेत, एक डॉक्टरकडचं आणि एक घरचं. 'आधी वजन कमी करतो, मग गोळ्यांचं बघू' या वाक्यात लोकांची दोन-तीन वर्षं जातात, तेवढ्यात धमन्या थांबून राहत नाहीत.

डॉक्टरकडे जाण्याआधी घरी सात दिवस बीपी मोजा. दंडावर बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. सकाळी आणि संध्याकाळी, दर वेळी दोनदा. आधी अर्धा तास चहा नको, तंबाखू नको; लघवीला जाऊन यायचं; पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं; दंड छातीच्या पातळीत टेबलावर. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर तो पक्का रक्तदाब. (ज्यांचा दंड ३२ सेंटिमीटरच्या वर आहे त्यांनी मोठा पट्टा मागून घ्यावा, लहान पट्ट्यानं बीपी खोटं जास्त दिसतं.) सोबत एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (मूत्रपिंडासाठी), एसजीपीटी (यकृतासाठी) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) करून घ्या. लायपोप्रोटीन-ए, म्हणजे आनुवंशिक धोका दाखवणारा कोलेस्टेरॉलचा एक प्रकार, ही तपासणी आयुष्यात एकदाच करतात. वडिलांचा इतिहास पाहता ती यांनी करावी. थायरॉइड निघाला तरी सगळा दोष त्याच्यावर ढकलू नका, किरकोळ थायरॉइडनं वजनात दोन-चार किलोंचाच फरक पडतो.

कोलेस्टेरॉलच्या कागदावर २०४ हा आकडा पाहून लोक खूश होतात, '२००च्या जरा वर' म्हणतात. त्यातून एचडीएल वजा करा : १६८. धमनीत थर धरू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल या १६८मध्ये आलं. ट्रायग्लिसराइड चढलेलं असताना हाच आकडा जास्त भरवशाचा. यजमानांसारख्या माणसाला डॉक्टर कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी सुचवण्याची बरीच शक्यता आहे, आणि सुचवली तर घ्यावी. कारण वजन घटल्यानं ट्रायग्लिसराइड आणि साखर झपाट्यानं खाली येतात, पण एलडीएल फारसं हलत नाही. बीपीचा हिशेब साधारण एका किलोमागे एक अंक असा आहे. आठ किलो उतरले तर १४२चे १३४ होतील. तेवढ्यानं भागेल की गोळी लागेल हे डॉक्टर ठरवतील.

घरचं काम वजनकाट्यापासून नको, तेलाच्या डब्यापासून सुरू करा. ५ लिटर तेल म्हणजे सुमारे ४६०० ग्रॅम. चौघांत, तीस दिवसांत, माणशी रोजचे ३८ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ३४५ कॅलरी. आणि हे फक्त घरातलं, दुकानातल्या फरसाणातलं वेगळं. डबा अडीच लिटरवर आणा. 'कमी घालू' असं ठरवून हे होत नाही, फोडणीचा हात सवयीनं चालतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला अडीच लिटर वेगळं काढा, रोज सकाळी ८० मिलिलिटर वाटीत मोजून घ्या, दिवसभराच्या भाज्या-आमट्या-पोळ्या त्यातच. पहिल्या आठवड्यात वाटी दुपारीच संपेल. वांगं, भेंडी, बटाटा ही तेल पिणारी मंडळी. झाकण ठेवून, पाण्याचा हबका मारून शिजवली की निभतं. आमटीची फोडणी चार माणसांना दोन चहाचे चमचे पुरते. तळणीचं उरलेलं तेल पुन्हा तापवून वापरू नका.

चहा. कपाला दीड चमचा साखर धरली तर सहा कपांत ४५ ग्रॅम, म्हणजे १८० कॅलरी. कप सहाच ठेवा, साखर अर्ध्या चमच्यावर आणा, पण दर आठवड्याला पाव-पाव चमचा उतरवत. एकदम तोडली की टपरीवरून गोड चहा येतो. भडंग-फरसाणाला मात्र मी सवलत देणार नाही. ५० ग्रॅम फरसाणात २५० कॅलरी असतात आणि ते गल्ल्यावर बसून किती खाल्लं ते कधीच कळत नाही. पुडा दुकानात नसला तरच खाल्ला जाणार नाही. त्या जागी घरून डब्यात भाजलेले फुटाणे मूठभर, काकडी, पेरू. चहाचे १२०, तेलाचे १७०, फरसाणाचे २५० : दिवसाला ५४० कॅलरी वाचल्या आणि अजून जेवणाला हात लावलेला नाही. कागदावर यातून महिन्याला दोन किलो उतरतात. प्रत्यक्षात पहिल्या महिन्यात दीड-दोन, त्यातही काही पाणी, मग एक.

जेवणात दोनच गोष्टी सांगतो. भाकरीबद्दल गैरसमज आहे की कितीही खाल्ली तरी चालते. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी २०० कॅलरींची असते. पोळीपेक्षा चांगलीच, पण तीन खाल्ल्या तर सहाशे. रात्री एक, दुपारी दीड, आणि ताटात त्याच्या दुप्पट भाजी. दुसरं, दोन्ही वेळा प्रथिनांचा एक ठसठशीत पदार्थ हवा : मोडाच्या मटकीची किंवा हुलग्याची उसळ, दोन अंडी, घट्ट वरण, मासे किंवा रस्सा कमी ठेवून चिकन. नुसती भाकरी-भाजी अर्धी करून वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. आधीच बारीक असलेले हातपाय आणखी बारीक होतात, आणि पोट जिथल्या तिथे. मीठ दिवसभरात माणशी एक छोटा चमचा, ५ ग्रॅम. लोणचं, पापड आणि खर्डा त्यातच धरायचे.

शनिवारच्या उपासाचं काय? उपास मोडायची गरज नाही, खिचडीची आहे. साठ ग्रॅम साबुदाणा, तीस ग्रॅम दाण्याचं कूट, पंधरा ग्रॅम तूप : एका बशीत ५०० कॅलरी, आणि साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिन जवळजवळ शून्य. साखर ११२ असलेल्या माणसानं उपाशीपोटी हेच खायला नको. दही, ताक, एक-दोन फळं, राजगिऱ्याची एक भाकरी, उपासाला चालत असेल तर काकडीची कोशिंबीर. एवढ्यावर शनिवार निघतो.

पत्रात दारूचा उल्लेख नाही. तरी ट्रायग्लिसराइड २१० पाहिल्यावर विचारावंच लागतं. 'कधीतरी' असेल तर महिन्यातून किती वेळा, हे डॉक्टरांना खरं सांगू द्या. त्यावर उपचार बदलतो.

चालणं उद्यापासून. रात्री दुकान बंद करून जेवल्यावर दहा मिनिटं, सकाळी वीस मिनिटं. वेग असा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. पंधरा दिवसांनी सकाळची तीस करा. आठवड्याचे दीडशे मिनिटं हे किमान. दुकानातलं फोनवरचं बोलणं उभ्यानं करायचं, ही फुकटची भर. चौथ्या आठवड्यापासून आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम : खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस, भिंतीला हात लावून दहा दंड, असे तीन फेरे. मात्र जोशात येऊन जिम, टेकडी पळत चढणं, मित्रांबरोबर क्रिकेटची मॅच, हे डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय करू नये. बारा तास बसणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या माणसानं एकाएकी जोर काढला की तेव्हाच थर फाटायची भीती. पोट कमी करायचे पट्टे, थरथरणारी मशीनं, जिऱ्याचं पाणी यांनी आतली चरबी हलत नाही.

तंबाखूला इथे वेगळं बसवायला हवं, कारण 'मी सिगारेट ओढत नाही' ही पळवाट आपल्याकडे फार चालते. भारतासह ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण दुपटीहून थोडं जास्त दिसलं होतं. वजन आठ किलो उतरवायला सहा महिने लागतील. तंबाखूची पुडी आज बंद होऊ शकते. सोडल्यावर तलफ पहिले तीन दिवस जोरात, दोन-तीन आठवड्यांत ओसरते. निकोटिनची च्युइंगगम डॉक्टरांना विचारून घ्या. सरकारी मदतवाहिनी आहे : १८००-११-२३५६, फोन फुकट. सोडल्यानंतर तोंड चाळवतं आणि वजन दोन-तीन किलो वाढू शकतं, म्हणून त्या महिन्यात वजनकाट्याकडे दुर्लक्ष करा.

घोरण्याकडे तुमच्याशिवाय कोणी लक्ष देणार नाही. झोपेत श्वास मध्येच थांबतो आणि मग दचकून, गुदमरल्यासारखा परत सुरू होतो का? दुपारी गल्ल्यावर डुलकी लागते का? गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर आहे का? असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. रात्रभर प्राणवायू खालीवर होत राहिला की बीपी गोळ्यांनाही जुमानत नाही. मोबाइलवर दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून डॉक्टरांना ऐकवा. यजमान तर 'मी घोरतच नाही' म्हणतील.

इंजेक्शन. वजन उतरवायच्या इंजेक्शनातल्या सेमाग्लुटाइड या औषधाचा 'सिलेक्ट' नावाचा मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. १७ हजारांहून जास्त माणसं, बीएमआय २७ आणि वर, सगळ्यांना आधीपासून हृदय किंवा रक्तवाहिन्यांचा विकार, पण मधुमेह नाही. झटका, पक्षाघात आणि हृदयविकारानं मृत्यू मिळून प्रमाण ८ टक्क्यांवरून साडेसहावर आलं. औषध कामाचं आहे यात शंका नाही. पण यजमानांना अजून हृदयविकार झालेला नाही, त्यामुळे हा फायदा जसाच्या तसा त्यांच्या खात्यावर मांडता येत नाही. बंद केल्यावर वर्षभरात गेलेल्या वजनाचा मोठा भाग परत येतो, खर्च सतत चालतो, मळमळ-उलट्या होतात, पित्ताशयात खडे होऊ शकतात, घरात विशिष्ट प्रकारचा थायरॉइडचा कॅन्सर असेल तर चालत नाही. माझं मत : तीन महिने वरचं नीट करा. चार किलो उतरले, म्हणजे वजनाच्या पाच टक्के, तर त्याच वाटेनं पुढे. प्रामाणिकपणे करूनही काटा हलला नाही, तर मधुमेह-तज्ज्ञांकडे हा विषय काढा. जिममधून किंवा ओळखीनं मिळणारं इंजेक्शन मात्र घरात आणू नका.

घेर पंधरा दिवसांनी एकदा मोजा, रोज नाही. एका किलोमागे साधारण एक सेंटिमीटर कमी होतो. दोन-तीन महिन्यांनी वजन अडतं, तेव्हाच लोक सोडून देतात. हलक्या झालेल्या शरीराला आता कमी लागतं, एवढंच त्याचं कारण. चालणं दहा मिनिटांनी वाढवा, रात्रीची भाकरी अर्धी करा. वजन थांबलं असताना घेर उतरत असेल तर काहीच बिघडलेलं नाही.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. छातीच्या मधोमध दडपण, जबड्यात, डाव्या हातात किंवा पाठीत कळ, थंड घाम, एकाएकी धाप : यातलं काही दहा-पंधरा मिनिटं राहिलं तर सोडा पिऊन 'गॅस झालाय' म्हणत बसायचं नाही. १०८ला फोन. त्यांनी स्वतः गाडी चालवायची नाही, जिना उतरायचा तर धरून. जिभेखाली ठेवायची गोळी शेजाऱ्याकडून आणून देऊ नका, बीपी आधीच पडलेलं असेल तर ती घात करते. कुठली गोळी घरात ठेवायची आणि कधी द्यायची, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आणि ताई, तेल चौघांचं आहे, खिचडी तुम्हीही खाता. पत्रात तुमचा एकही आकडा नाही. तीच टेप, तीच रीत, तुमच्यासाठी ८०. बीपीचं मशीन आणालच, तर सात दिवस तुमचंही मोजा.